आरतीला साथ देणारं मशीन

कमळाबाईंचं वॉशिंग मशीनशी वैर होतं, आणि तेही घरात मशीन नसताना. नाशकातल्या आनंदवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन बरीच वर्षं झाली तरी दिंडोरीकडच्या गावात ओढ्यावर ज्या जोरात धुणं आपटायच्या, त्याच जोरात त्या बाथरूममध्ये आपटायच्या. खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत असत म्हणे. मशीनमध्ये कपडे नुसते पोहून येतात, असं त्यांचं ठाम मत होतं. कॉलर निघत नाही, बाह्या निघत नाहीत, आणि सगळ्यांचे कपडे एकाच पाण्यात गरगरतात हे तर ऐकूनच त्यांना कसंतरी व्हायचं. मुलगा किशोर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला जायचा आणि येताना अंगावर राख घेऊन यायचा. "ती राख काय मशीनच्या बापाला निघनारे का?" असं त्या विचारायच्या आणि ब्रश उचलायच्या.

पण यंदा त्यांच्या उजव्या मनगटानं दगा दिला. आधी नुसतं दुखायचं, मग सुजायला लागलं, आणि एके दिवशी चादरीचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक डाव्या हातानं पिळताना सुनेनं त्यांना पाहिलं. सून सरिता गंगापूर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांना "थोडं दुखेल, पण बरं वाटेल" सांगायची सवय असल्यामुळे घरात ती फार बोलत नसे. तेव्हाही बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "आई, मशीन मागवलंय. ऑनलाइन. तुमच्या नावानं मागवलंय, म्हणजे परत पाठवायचा प्रश्नच नाही."

कमळाबाईंनी तोंड वाकडं केलं खरं, पण मंगळवारी दुपारी खोकं आलं तेव्हा त्या विरघळल्या. खोक्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं, 'कमळाबाई पुंजा शेवाळे'. रेशनकार्ड, आधारकार्ड सोडलं तर त्यांचं नाव छापील अक्षरात कुणी कधी लिहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेवरसुद्धा 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येत होतं, पुढे शाई पसरलेली. त्यांनी तो पुठ्ठ्याचा तुकडा कात्रीनं कापला आणि देव्हाऱ्यामागे ठेवून दिला.

दोन माणसं आली, त्यांनी मशीन स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात बसवलं, नळी जोडली, पिन खुपसली, बटण सुरू केलं आणि "मावशी, बाकीचं फोनवर बघून घ्या" म्हणून गेली. मी आल्याशिवाय हात लावू नका, असं सरितानं बजावलं होतं. पण नवी वस्तू उंबरा ओलांडून आत आली आणि तिला कुंकू न लावता संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायची? पाहुण्याला तरी कुणी असं ठेवतं का? कमळाबाईंच्यानं राहवेना. हात लावायचा नाही म्हणजे कपडे टाकायचे नाहीत, हळद-कुंकवाला कोण हात म्हणतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याला टेकवून त्यांनी मोबाइल उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला, कारण त्र्यंबकेश्वरला बसलेल्या थोरल्या बहिणीला, धोंडाबाईला, हे दाखवल्याशिवाय मजा नव्हती. मशीनच्या पोटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं. डाव्या हातात घंटी, दुखऱ्या उजव्या हातात आरतीचं ताट, आणि घरात ऐकायला कुणी नाही म्हणून मोकळा गळा.

पहिलं कडवं संपत आलं आणि मशीन बोललं.

टिंग टिंग टिरिंग, टिंग टिंग टिरिंग! सगळे दिवे लागले, आतला ड्रम घरघरायला लागला, झाकणावरचं फूल थरथरलं. कमळाबाईंच्या हातातलं ताट सुटतासुटता राहिलं. मग त्यांच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले. मशीन आरतीला साथ देत होतं! इतकी वर्षं आपण ज्याला नावं ठेवली ते इतकं गुणी निघावं, याची त्यांना लाजच वाटली. त्यांनी आवाज चढवला, मशीननंही चढवला, आणि दोघांनी मिळून आरती पुरी केली. मग ते जसं आपोआप सुरू झालं तसं आपोआप गप्प झालं. कमळाबाईंनी उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं आणि तुळशीच्या पानानं मशीनवर शिंपडलं. आनंद इतका झाला होता की शिंपडून समाधान होईना, म्हणून वाटीत उरलेलं त्यांनी बटणांवर थेटच ओतलं. मग पदरानं पुसून घेतलं आणि व्हिडिओ त्र्यंबकला रवाना केला.

संध्याकाळी सरिता आली. स्वस्तिक बघून हसली. "मला ठाऊकच होतं," म्हणाली. तिनं किशोरचा कामावरचा गणवेश, कमळाबाईंच्या दोन साड्या आणि स्वतःचे ड्रेस आत टाकले, पावडर घातली आणि बटण दाबलं. तिघेही चहा घेऊन समोर बसले, क्रिकेटची मॅच बघायला बसावं तसे.

पहिला अर्धा तास मशीन शहाण्यासारखं वागलं. मग पिळायची वेळ आली आणि त्याच्या अंगात आलं. आधी ते जागच्या जागी नाचलं, मग एक पाऊल पुढे आलं, मग दुसरं. नळी निसटली आणि फरशीवर फेसाचा पाट वाहिला. मशीन टिंग टिंग टिरिंग करत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आलं. "धर त्याला!" कमळाबाई ओरडल्या. किशोरनं त्याला मिठी मारली, तर तोही हलायला लागला. "अरे, बंद कर ना!" सरिता ओरडली. "मी वी-वी-वीज बनवतो, म-मशीन नाही बनवत!" किशोरचे दात एकमेकांवर वाजत होते. शेवटी सरितानं फेसातून घसरत जाऊन पिन उपटली. मशीन शेवटचं एकदा "टिरिंग" म्हणालं आणि थांबलं. झाकण मात्र घट्ट बसलं ते बसलंच, कपडे आत आणि माणसं बाहेर. दुसऱ्या दिवशी किशोर भाच्याच्या साखरपुड्याचा जांभळा शर्ट घालून कामाला गेला आणि तिथं सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं.

कंपनीचा माणूस आला. त्यानं बटणांची पट्टी उघडली, आत डोकावला, नाक लावून वास घेतला. "मावशी, यावर काही सांडलं होतं का?"

कमळाबाईंना वाटीत उरलेलं नारळाचं पाणी आठवलं. सरिता शेजारीच उभी होती. "नाय बा," त्या पटकन बोलून गेल्या. "काय सांडनारे?"

त्यानं फोटो काढले आणि गेला. मग कंपनीचं उत्तर आलं. मशीनमध्ये ग्राहकाकडून बाहेरचं पाणी गेल्याचं दिसतं, सबब वॉरंटी लागू नाही, परतही घेता येणार नाही. सरितानं ते मोठ्यानं वाचलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. "किशोर, ऐकलंस का? वॉशिंग मशीनला पाणी चालत नाही! मग काय कोरडे कपडे टाकून कोरडे काढायचे?" किशोरही पोट धरून हसला. कमळाबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, मोबाइल उघडला आणि तो व्हिडिओ पुसून टाकला. आपल्या हातानं, आपल्या नावानं आलेली वस्तू आपण बुडवली, आणि वर खोटं बोललो, हे त्यांच्या मनात सुरीसारखं फिरत होतं.

हसून झाल्यावर सरिता चिडली, आणि सरिता चिडली की दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा हळू आवाजात बोलतात. तिनं ज्या साइटवरून मशीन घेतलं तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ऑनलाइन विकणाऱ्यालाही असा अधिकारी नेमावाच लागतो, आणि खराब निघालेला माल परत घेत नाही असं त्याला म्हणता येत नाही, हे तिनं वाचून काढलं होतं. मग तिनं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई चक्क मराठीत बोलली आणि तिनं तक्रार नोंदवून घेतली. एवढ्यावर मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, असंही तिनं सांगितलं. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो तिथं, म्हणजे नाशकातच दावा करायचा, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.

"आयोग म्हंजी कोर्टच ना?" कमळाबाईंनी विचारलं.

"तसंच. आणि ग्राहक तुम्ही आहात, आई. तक्रारदार म्हणून तुमचंच नाव."

"मंग शपथ घ्याया लागंल का मला?"

"घ्यावी लागली तर घ्यायची. आपल्याला कसली भीती? मी लिहिलंयच तसं, आमच्या घरात मशीनवर कुणी थेंबही सांडलेला नाही. माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत."

कमळाबाईंना ते ऐकवेना. त्यापेक्षा सुनेनं दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. ही पोरगी आपल्या शब्दावर कंपनीशी भांडायला निघाली होती, आणि तो शब्दच कच्चा होता. त्यात पुन्हा सरिता आता पहाटे लवकर उठून, सासू जागी व्हायच्या आत धुणं उरकून टाकायची. बंद मशीन कोपऱ्यात उभं, पोटावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि आतून एक आंबूस वास. कमळाबाई त्याच्या समोरून जाताना नजर खाली घालायच्या.

रविवारी कंपनीनं वरचा माणूस पाठवला. हेल्पलाइनवरची तक्रार पोचली होती. हर्षल नावाचा तरुण इंजिनीअर, सभ्य, आणि रविवारी कामाला जुंपला गेल्यामुळे थोडा उदास. त्यानं चहा घेतला, मशीन तपासलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. "मॅडम, बटणांमागच्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर पाणी गेल्याच्या खुणा आहेत. नक्की काही सांडलं नव्हतं?"

"आईंना विचारा," सरिता म्हणाली. "त्या घरी होत्या. त्या सांगतील तेच खरं."

कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आता नुसतं 'नाय बा' म्हटलं की झालं असतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि सुनेच्या डोळ्यांत जो भरवसा होता त्यापुढे त्यांना खोटं बोलवेना.

"मी टाकलं पानी," त्या म्हणाल्या. "नारळाचं. शिंपडलं, आन् वाटीत उरलं तेबी वतलं. त्या दिवशी मी खोटं बोलले. सरिताला ठावं नव्हतं, तिचा काय दोष नाय. लय चांगली पोर हाय ती. माज्यासाठी मशीन घेतलं आन् मीच त्याचं वाटोळं केलं." आणि त्या सगळ्यांसमोर रडायलाच लागल्या.

किशोरनं छताकडे बघितलं. हर्षलनं कप खाली ठेवला. सरिता उठली, सासूच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं त्यांचं सुजलेलं मनगट हातात धरलं.

"आई, इतके दिवस हे एकट्या घेऊन बसला होता? मला वाटलं, तुम्हाला बरं नाही." मग ती हर्षलकडे वळली. "मशीन गेलं तर गेलं. लिहा हो तुम्ही. जे खरं ते लिहा."

"पूजेचा व्हिडिओबी हाय," कमळाबाई हुंदके देत म्हणाल्या. खरं बोलायचं तर पुरतंच बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "म्हंजी मी पुसला. पन आक्काकडं आसंल."

त्र्यंबकेश्वरला फोन लागला. धोंडाबाईंचं पूजासाहित्याचं दुकान देवळाच्या रस्त्यावर, आणि रविवारची गर्दी, त्यामुळे त्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. "पुसला? आगं कमळे, येडी का खुळी तू! माज्याकडं हाय ना! आल्या गिऱ्हाइकाला दाखविते मी, माज्या भैनीचं मशीन आरती म्हनतं म्हनून! परवा एका बाईनं इचारलं, कुठल्या कंपनीचं हाय, मलाबी घ्याचं हाय!"

व्हिडिओ आला. चार डोकी एका मोबाइलवर वाकली. आधी कमळाबाईंचं नाक आलं, पडदाभर. मग त्या मागे सरकल्या, स्वस्तिक निघालं, फूल ठेवलं गेलं, आरती सुरू झाली. आणि मग टिंग टिंग टिरिंग!

हर्षल ताठ झाला. "थांबा. मागे घ्या जरा." पुन्हा पाहिलं. "मावशी, इथं तुम्ही बटण कधी दाबलं?"

"कशानं दाबू? येका हातात ताट, येका हातात घंटी. ते आपलं आपनच गायला लागलं. देवाची किरपा."

"आणि नारळ?"

"नारळ आरतीनंतर. आमच्यात आरतीच्या आधी नारळ फोडीत नाय कुनी." एवढ्या दुःखातही त्यांना त्याच्या अज्ञानाचं आश्चर्य वाटलं.

सरितानं सासूचं मनगट सोडलं, कारण तिला टाळी वाजवायची होती. "म्हणजे पाण्याचा थेंब पडायच्या आधी, कुणी बटण न दाबता, मशीन स्वतःच सुरू झालं! आई, ती देवाची कृपा नव्हती हो, तो बिघाड होता!"

"बिघाड?" कमळाबाईंनी डोळे पुसले. त्यांना क्षणभर वाईटच वाटलं, आरती किती सुरात झाली होती. मग बाकीचं हळूहळू डोक्यात उतरलं. "म्हंजी... म्या नाय बिघडवलं?"

"नाही, मावशी," हर्षल म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच हसला. "कंट्रोल कार्ड आधीपासूनच खराब आहे, फॅक्टरीतून आलं तेव्हापासून. मी तसंच लिहितो. हा व्हिडिओ मला पाठवा. नवीन मशीन मिळेल. आणि वरिष्ठांना मी सांगेन, आमच्या मशीनची आरती झाली होती म्हणून."

किशोरनं आईला उचलायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून त्यानं हर्षललाच मिठी मारली. फोनवर धोंडाबाई "काय झालं, काय झालं" ओरडत होत्या आणि त्यांना सांगायला कुणाला सवड नव्हती. जाताजाता हर्षलनं मशीनचं झाकण मोकळं करून दिलं. आतून असा वास आला की सगळे एकमेकांना ढकलत गॅलरीत पळाले, हर्षल सगळ्यांत पुढे. कमळाबाईंच्या लाल साडीचा रंग किशोरच्या गणवेशाला लागला होता, आणि सरितानं चिमटीत धरून वर केलेला तो गुलाबी गणवेश बघून कमळाबाई रडता रडता खदाखदा हसायला लागल्या. "म्या म्हनलं नव्हतं? येकाच पान्यात गरगरत्यात!"

नवं मशीन आलं त्या दिवशी सरितानं अर्धी रजा टाकली. कमळाबाईंनी कुंकवाचा करंडा आधीच देव्हाऱ्यात बंद करून ठेवला होता आणि त्या लांब, दाराशी उभ्या होत्या. "म्या हात लावनार नाय," त्यांनी जाहीर केलं. "त्याला काय गानं म्हनायचं ते म्हनू दे."

सरितानं करंडा काढून आणला. ताट मांडलं, नारळ ठेवला. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि त्र्यंबकला सरळ व्हिडिओ कॉलच लावला. "आई, या. नारळ आरतीनंतर ना?"

कमळाबाई आल्या. त्यांनी स्वस्तिक काढलं. आरती सुरू झाली, पण दोघींचं लक्ष देवाकडे कुठलं? दोघी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मशीनकडे बघत होत्या. पहिलं कडवं गेलं, दिवा लागला नाही. दुसरं गेलं, टिरिंग नाही. मशीन ढिम्म उभं. सरिताला हसू फुटलं, मग कमळाबाईंना, आणि तिसऱ्या कडव्याला दोघी शब्दच विसरल्या.

"कमळे!" मोबाइलमधून धोंडाबाई कडाडल्या. "हे तं मुकं निघालं की गं! आजच्या आज बदलून माग!"

नारळ फुटला. पाणी वाटीत आलं. कमळाबाईंनी तुळशीचं पान बुडवलं, हात मशीनकडे गेला आणि वरच्यावर थांबला.

"शिंपडा, आई," सरिता म्हणाली. "पाण्याला भिणारं मशीन आपल्याला नकोच आहे."

कमळाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी मशीनकडचा हात वळवला आणि ते पाणी सुनेच्या डोक्यावर शिंपडलं, एकदा, दोनदा, आणि समाधान होईना म्हणून वाटीत उरलेलंही तिच्या केसांवर ओतलं. सरिता किंचाळली आणि हसतच राहिली. कमळाबाईंनी पदर पुढे घेतला आणि दुखऱ्या हातानं तिचं डोकं सावकाश पुसून दिलं.